व्हर्लिनचे सापळे

किर्स्टन बाखमायरला बाळंतपणात जी धास्ती चिकटली, ती ट्रूडी अडीच वर्षांची झाली तरी सुटली नव्हती. द्राक्षाचे ती चार चार तुकडे करायची. गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची. पोर दुपारी झोपली की दर अर्ध्या तासाने तिच्या नाकाशी बोट धरायची. नवरा, डॅरिन, आधी हसायचा, मग चिडायला लागला, आणि आता नुसता बघत राहायचा. ते नुसतं बघणं तिला सगळ्यात जास्त लागायचं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी जरा झोप लागायची, एवढंच.

गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर दर मंगळवारी हवाई स्वयंसेवकांचं दल जमायचं. दोन शेतकरी, एक शाळामास्तर, दाताच्या दवाखान्यातली बाई, काही निवृत्त मंडळी. पगार नाही, पण गणवेश होता, हुद्दे होते, आणि दलाचं एक चार जणांचं विमान होतं. कोणी हरवलं की शोधायचं, पूर आला की वरून फोटो काढून जिल्ह्याला द्यायचे. किर्स्टन तिथे गेली ती घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं म्हणून. तिसऱ्याच मंगळवारी तिने विचारलं, अंतर्गत सुरक्षा अधिकारी व्हायला काय करावं लागतं?

ते काम बारा वर्षं व्हर्लिन सुंडक्विस्टकडे होतं. जिल्ह्यातलं काय काय सांभाळायला हवं, धरण, पाणी शुद्ध करायचं केंद्र, वीज उपकेंद्रं, रेल्वेचा पूल, त्याच्या याद्या ठेवायच्या. घातपात झाला, बर्फ फुटून पूर आला, तर कोणी कुठून उडायचं आणि काय टिपायचं, ते आधी ठरवून ठेवायचं. व्हर्लिन एकोणऐंशी वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला, दलातल्या जुन्या हुद्द्याने कर्नल. एकतीस वर्षं त्याने धरणावरच्या वीजघरात काढली होती. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी दूर फिनिक्स शहरात.

"का हवंय तुला हे?" त्याने विचारलं होतं.

"मला सगळीकडे काहीतरी बिघडणार असंच दिसतं, कर्नल. पोरीला द्राक्षंसुद्धा कापून देते मी."

"डॉक्टरकडे जाऊन आलीस?"

"हो."

"मग आता इकडे ये. मला घाबरटच माणूस हवाय. धीट लोकांनी आजवर आपली दोन विमानं मोडली."

ती हसली. तिच्या भीतीची कोणीतरी चेष्टा केली आणि ती खरंच हसली, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. घरी जाताना गाडीत तिच्या लक्षात आलं की आपण गाडीभोवती फेरी मारायला विसरलो.

त्या कामासाठी तेवीस कलमांचा एक तक्ता होता. एकेक काम शिकायचं, करून दाखवायचं, आणि शिकवणाऱ्याने त्यापुढे सही करायची. तेविसाच्या तेवीस सह्या झाल्या की दलप्रमुखाची सही, आणि मग नेमणूक. सहज वर्ष जाणार होतं. डॅरिनला तिने तो तक्ता दाखवला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आता आख्ख्या जिल्ह्याची द्राक्षं कापणार तू."

पण मंगळवारी संध्याकाळी तो कामावरून वेळेवर यायला लागला, ट्रूडीला सांभाळायला. हेही खरं.

व्हर्लिनची शिकवायची एक पद्धत होती आणि ती सगळ्या दलाला ठाऊक होती. तो मुद्दाम चुकीचं सांगायचा. धरणाचे फोटो चारी बाजूंनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काढायचे, तर हा तिला नोंद सांगताना उत्तरेला दक्षिण म्हणायचा. उपकेंद्राचा क्रमांक फिरवून सांगायचा. शिकणाऱ्याने तिथल्या तिथे "थांबा, तपासा" म्हणायचं. म्हटलं की व्हर्लिन मिशीत हसून सही करायचा. नाही म्हटलं तर पुढच्या मंगळवारपर्यंत सही नाही. "आपल्या कामात माणूस वरिष्ठावर विश्वास टाकतो आणि झोपतो," तो म्हणायचा. "माझ्यावर तर मुळीच टाकायचा नाही."

दलात यावरून विनोद ठरलेले होते. व्हर्लिनने शुभ सकाळ म्हटलं तर आधी खिडकीबाहेर बघ. व्हर्लिनने कॉफी दिली तर हुंगून घे. त्या चुकांना सगळे सापळे म्हणायचे, आणि किर्स्टनएवढे सापळे आजवर कोणीच पकडले नव्हते. दर सापळा ती एका वहीत टिपून ठेवायची, तारीख घालून. चूक पकडली की व्हर्लिन शाळामास्तराला हाक मारून सांगायचा, "बघ रे, या पोरीला मागच्या बाजूलाही डोळे आहेत!" आणि जी सवय घरात आजार म्हणून गणली जायची, तीच इथे टेबलाभोवती मिरवली जायची.

हिवाळ्यात सापळे वाढले. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या मंगळवारी व्हर्लिन आलाच नाही, बुधवारी आला, विमान ठेवायच्या हँगरसमोर एकटाच तासभर बसून राहिला, आणि नंतर फोनवर म्हणाला, "बघत होतो तू येतेस का!" किर्स्टनने वहीत लिहिलं: चुकीचा वार, सापळा. जानेवारीत त्याने शिकवून झालेलं नववं कलम पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. वहीत नोंद झाली: पुनरावृत्ती, सापळा? त्या प्रश्नचिन्हाकडे तिने तेव्हा दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मार्चअखेर बावीस सह्या झाल्या होत्या. उरलं होतं ते शेवटचं कलम, प्रत्यक्ष उड्डाण.

एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटला. जिल्ह्याला धरणाचे आणि खालच्या पात्राचे फोटो हवे होते. विमान चालवायला दलप्रमुख मेजर ट्विला रॉश होती, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिच्या शेजारी व्हर्लिन, रस्ता सांगायला आणि रेडिओ सांभाळायला. मागे किर्स्टन, कॅमेरा घेऊन. निघण्यापूर्वी ट्विलाने नेहमीचं विचारलं, कोणाला झोप नीट नाही, कोणी गोळ्या घेतल्यात, कोणाच्या डोक्यात काही आहे? किर्स्टनने गोळ्यांचं खरं सांगितलं, ते ट्विलाला माहीतच होतं. व्हर्लिन म्हणाला, "माझ्या डोक्यात फक्त जेवण आहे." आणि नेहमीचा नियमही ट्विलाने पुन्हा एकदा ऐकवला: हवेत कोणीही "थांबा" म्हणालं, हुद्दा कोणताही असो, की ती आधी विमान वर घेणार आणि प्रश्न नंतर विचारणार.

धरणाच्या चारी बाजू झाल्या. ढग खाली यायला लागले होते, बारीक भुरभुर सुरू झाली होती. खालच्या पात्राचे फोटो काढायला ट्विलाने विमान नदीवर वळवलं.

"ढगाच्या खाली राहायचं तर अजून उतरावं लागेल," ती म्हणाली. "व्हर्लिन, इथून पुढे काय आहे?"

"काही नाही. मोकळं आहे. उतर."

"तारा?"

"त्या धरणाच्या वरच्या अंगाला आहेत. उतर तू."

किर्स्टनने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. नदी ओलांडणाऱ्या त्या मोठ्या तारा धरणाच्या खालच्या अंगाला होत्या. तिच्या यादीत सहाव्या क्रमांकावर होत्या. ती यादी तिला व्हर्लिननेच करायला लावली होती, आणि त्या तारांखालून तो स्वतः एकतीस वर्षं कामावर गेला होता.

सापळा, तिला वाटलं. शेवटचा. तेविसावी सही.

आणि ती थांबली. जास्त नाही, तीनचार श्वास. कारण हवेत व्हर्लिनने आजवर कधी सापळा लावला नव्हता. लावलाच असेल तर तो आता स्वतःच बोलेल, ट्विलाला वर जायला सांगेल, वळून मिशीत हसेल. ती त्याच्या मानेकडे बघत राहिली. मान वळली नाही. त्याचं बोट मांडीवरच्या नकाशावर फिरत होतं, वर, खाली, पुन्हा वर, अनोळखी घरात दिव्याचं बटण शोधावं तसं.

"थांबा! तारा!"

ट्विलाने विमान वर खेचलं. खिडकीबाहेर धुक्यात काठावरचा तारांचा मनोरा उभाच्या उभा दिसला, आणि विमानांना दिसावेत म्हणून तारांवर लावलेले भगवे गोळे, एक, दोन, तीन, पायाखालून सरकत गेले. इतक्या जवळून की एकावर बसलेला पक्षी तिला उडताना दिसला. तिला ट्रूडीची आठवण आली नाही. नंतर तिला याचंच फार वाटत राहिलं, की त्या क्षणी काहीच आठवलं नाही.

ट्विलाने विमान थेट विमानतळाकडे वळवलं.

खाली उतरल्यावर ट्विला पंखाला टेकून उभी राहिली.

"हे काय होतं, व्हर्लिन?"

व्हर्लिनचे कान लालभडक झाले होते. मग चेहऱ्यावर कुठून तरी हसू आलं. "पकडलं ना तिने! मी सांगत नव्हतो? मागच्या बाजूला डोळे आहेत पोरीला."

"ठरवून केलंत? हवेत?"

"शेवटचं कलम आहे, ट्विला. अवघड नको?"

ट्विलाने किर्स्टनकडे पाहिलं. "इतकं खाली मी आले, ती चूक माझी आणि ती मी माझ्या नावावर लिहून देणार. पण बाकीचं मला कळायला हवं. गुरुवारी दोघं माझ्यासमोर बसा. हा सापळा असेल तर व्हर्लिनना महिनाभर जमिनीवर बसवते, तुझ्या तक्त्यावर सही करते, विषय संपला. सापळा नसेल तर ते पुन्हा उडणार नाहीत आणि शिकवणारही नाहीत. आणि मग हिवाळ्यापासूनच्या त्यांच्या सह्याही धरता येणार नाहीत. मी समोर बघत होते, किर्स्टन. तू त्यांच्या मागे बसली होतीस."

दुसऱ्या दिवशी ट्रूडीला खुर्चीत बसवून, तिच्यापुढे सूपमधले कणकेचे गोळे कुस्करून ठेवून किर्स्टनने वही उघडली. सप्टेंबरपासून एकेचाळीस नोंदी. ऑक्टोबरपर्यंतच्या वाचताना तिला हसू येत होतं. फार खोडसाळ होता म्हातारा. प्रत्येक चुकीत काहीतरी शिकवण होती, प्रत्येक चूक जिथे शोभेल तिथे होती. नोव्हेंबरपासून तसं राहिलं नव्हतं. चुकीचा वार. तेच कलम दोनदा. ट्रूडीचं वय एका संध्याकाळी तीनदा विचारलं. किर्स्टनला मार्लिस म्हणून हाक मारली. मार्लिस म्हणजे त्याची फिनिक्सची मुलगी. या सगळ्यापुढे तिने आपल्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: सापळा, पकडला.

जिला पोरीच्या श्वासातला बदल भिंतीपलीकडून ऐकू यायचा, तिने पाच महिने एका माणसाला बुडताना पाहिलं होतं आणि दर वेळी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

"आई, रडतेस?" ट्रूडी म्हणाली.

"नाही गं. तू खा."

डॅरिन संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने बूट काढून दाराशी ठेवले. मग म्हणाला, "एक शब्द बोलायचाय तुला. सापळा होता म्हण. म्हातारा महिनाभर घरी बसेल, तुला तुझं काम मिळेल."

"आणि महिन्यानंतर?"

"तू त्यांच्याबरोबर बसू नकोस."

"दुसरं कोणीतरी बसेल."

"किर्स्टन, त्या कामाने तू माणसात आलीस. मी बघितलंय. मला परत ते आधीचं..." तो थांबला. "मी काही म्हणत नाही. तुला हवं ते कर."

गुरुवारी दुपारी, बैठकीला अजून दोनतीन तास होते, तेव्हा व्हर्लिन स्वतःच दारात उभा राहिला. अंगात इस्त्रीचा गणवेश, हातात तिचा तक्ता. तेविसाव्या कलमापुढे त्याची सही झालेली होती. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली. ट्रूडीने त्याच्या पट्ट्याचं बक्कल ओढून पाहिलं. त्याने ते ओढू दिलं.

"हिला किती वर्षं झाली?" त्याने विचारलं.

"अडीच, कर्नल."

"हं." त्याने कप उचलला, न पिता खाली ठेवला. मग दाराकडे एकदा पाहून, आवाज खाली आणून म्हणाला, "पोरी, एक विचारू? तुझ्याजवळ वही असते. सगळं लिहून ठेवतेस तू."

"हो."

"परवाचा तो सापळाच होता ना?"

तिला आधी वाटलं, तो आपल्याला गळ घालतोय, काय सांगायचं ते सुचवतोय. मग तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो गळ घालत नव्हता. तो खरंच विचारत होता. त्याला माहीत नव्हतं.

"मी तसं म्हणालो, ते मला आठवतंय," तो म्हणाला. "खाली उतरल्यावर म्हणालो. पण वर असताना... मी ठरवलं होतं का? मी असं हवेत ठरवणार नाही ना कधी? का ठरवेन?"

"नाही ठरवणार तुम्ही," किर्स्टन म्हणाली.

तो मान हलवत राहिला. "नाही ठरवणार," तो म्हणाला. मग एकदम ताठ झाला, कॉफी एका घोटात संपवली. "पण तू संध्याकाळी ट्विलाला सांग, सापळा होता. मी सांगितलं म्हणून नाही, तुझं तू. त्या धरणाचा मी आत्ता पंधरवड्यापूर्वीच नवीन नकाशा केलाय. ते काम सोडून मी मंगळवारी काय करू, सांग बरं? घरी टीव्हीसमोर बसू?"

ट्रूडीने बक्कल सोडलं नव्हतं. ते सोडवायला दोघांचे हात लागले.

संध्याकाळी हँगरशेजारच्या खोलीत तिघंच होती. ट्विलाने रेडिओ बंद केला, खुर्ची ओढली. खिडकीतून धावपट्टीवरचं ऊन सरळ टेबलावर येत होतं. किर्स्टनचा तक्ता मधे ठेवलेला होता, तेवीस सह्यांचा. दलप्रमुखाच्या सहीची शेवटची चौकट रिकामी होती आणि ट्विलाचं पेन तिच्याशेजारी उघडं पडलेलं होतं.

"आधी व्हर्लिन," ट्विला म्हणाली.

"सापळा होता," व्हर्लिन म्हणाला. टेबलाकडे बघून.

"किर्स्टन?"

आजवर इतक्या गोष्टींची तिला भीती वाटली होती, पण या खोलीची कधीच वाटली नव्हती. तिने वही पिशवीतून काढली आणि तक्त्यावर ठेवली.

"नव्हता," ती म्हणाली. "त्यांचं बोट नकाशावर धरण शोधत होतं. मी बघत होते. आणि तरी मी थांबले, कारण मला सही हवी होती. नोव्हेंबरपासूनचं यात सगळं आहे. मी प्रत्येक ठिकाणी सापळा लिहिलंय. तसं ते नाहीये."

ट्विलाने वही उघडली नाही.

"एकतीस वर्षं," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज चढला. "एकतीस वर्षं मी त्या तारांखालून गेलोय, आणि तू मला सांगतेस त्या कुठे आहेत? तुला इथे कोणी आणलं? घरात बसून द्राक्षं कापत होतीस तू! कोणी शिकवलं तुला बघायला?"

"तुम्ही," किर्स्टन म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला. त्या जागी दुसरं काही आलं नाही.

ट्विलाने पेनाला टोपण लावलं. "सह्या धरता येणार नाहीत, किर्स्टन. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सात धरते, बाकीचं पुन्हा. शिकवायला दुसऱ्या दलातलं कोणी शोधावं लागेल. दोनशे किलोमीटरच्या आत तरी मला कोणी माहीत नाही."

"कळलं."

"व्हर्लिन, मला तुमच्याकडची किल्ली लागेल. हँगरची." ती थोडी थांबली. "उगीच लांबवू नका. मला ते जमणार नाही."

व्हर्लिनने खिशातून जुडगा काढला. गाडीची, घराची, कुठल्याशा जुन्या कुलपाची, आणि हँगरची, तिच्यावर लाल रंगाचा ठिपका. कडं घट्ट होतं. त्याने नख आत घातलं, ते निसटलं. पुन्हा घातलं. अंगठा जाड झालेला, सांधे सुजलेले. ट्विला खिडकीबाहेर बघायला लागली. किर्स्टनने हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला. तो पुन्हा प्रयत्न करत राहिला. घड्याळजीसारखा अगदी डोळ्याजवळ धरून, ओठ मिटून. कडं जरा उघडायचं आणि त्याच्या बोटावर मिटायचं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने जुडगा टेबलावर ठेवला आणि मुठीच्या मागच्या बाजूने तिच्याकडे सरकवला.

किर्स्टनने कडं उघडलं. लाल ठिपक्याची किल्ली काढून ट्विलासमोर ठेवली. कडं मिटवलं, जुडगा त्याच्या तळहातावर दिला, आणि त्याची बोटं त्यावर मिटेपर्यंत तिने आपला हात काढला नाही.

"आता घरी जा," व्हर्लिन म्हणाला. "पोर वाट बघत असेल."